सेवाकेंद्राची जबाबदारी नव्याने घेताना: वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे नाही

अंघोळ अर्ध्यावर आलेली असते. आजींच्या अंगाला साबण, केस ओले. आणि काळजीवाहक मुलीच्या लक्षात येतं की कोरडा टॉवेल आणलेलाच नाही. "आलेच हं आजी" म्हणून ती धावते. जवळच्या कपाटात टॉवेल नाही, दुसऱ्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते माहीत नाही. पाच-सात मिनिटं जातात. तोवर आजी स्टुलावर कुडकुडत बसलेल्या असतात, आणि कंटाळून स्वतःच उठायला गेल्या तर ओल्या फरशीवर पाय घसरायला क्षणही पुरतो.

मी या कामात नवी होते तेव्हा मला वाटायचं की काम पटापट उरकणं आणि काम नीट करणं यांची कायम ओढाताण असते. एक हवं तर दुसरं सोडावं लागतं. टॉवेलचा प्रसंग दहा वेळा पाहिल्यावर हा समज गेला. वेळही वाया गेला, आजींचे हालही झाले, आणि दोन्हींचं कारण एकच होतं. सेवेच्या कामात वेळ गळतो तो शोधाशोधीत, वाट पाहण्यात, एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिण्यात आणि चुकलेलं निस्तरण्यात. तो तिथून काढायचा आणि माणसाजवळ बसायला द्यायचा. वृद्ध निवास असो, अपंग व्यक्तींचं केंद्र असो की घरोघरी जाऊन सेवा देणारी टीम, पुढच्या पायऱ्या सगळीकडे याच क्रमाने चालतात.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

नव्याने जबाबदारी आली की हात शिवशिवतात. नवं रजिस्टर, नवे नियम, भिंतीवर नवा तक्ता. थांबा. पहिला आठवडा फक्त बघण्याचा. टोयोटात उत्पादनाची घडी बसवणारे ताइची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात माणसाला तासन्‌तास उभं करायचे आणि समोर काय चाललंय ते नुसतं बघायला लावायचे. कारखान्यासाठी त्यांनी सांगितलेल्या सात प्रकारच्या अपव्ययांपैकी वाट पाहणं, उगाचची चाल, अनावश्यक ने-आण, नको इतका साठा आणि चुकांची दुरुस्ती हे पाच आपल्याकडे जसेच्या तसे सापडतात.

एका काळजीवाहकाबरोबर पूर्ण शिफ्ट फिरा. आधी तिची परवानगी घ्या आणि स्पष्ट सांगा की तपासणी तिची नाही, कामाच्या मांडणीची आहे. वहीत पाच रकाने आखा: माणसाबरोबर, लिहिण्यात, शोधण्यात, वाट पाहण्यात, चालण्यात. दर पाच मिनिटांनी जे चाललं असेल त्या रकान्यात एक रेघ ओढा. आठ तासांत ९६ रेघा होतात. दिवसाची आणि रात्रीची एकेक शिफ्ट केलीत तरी वेळ कुठे जातो हे कळायला पुरे.

दुसरं काम जरा वेगळं आहे, पण ते टाळू नका. एक तास रिकाम्या पलंगावर पडून राहा. शक्य असेल तर अर्धा तास व्हीलचेअरवर बसा आणि दुसऱ्याला ती ढकलू द्या. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येते, घड्याळ दिसत नाही, पाण्याचा ग्लास हाताच्या पोचेबाहेर आहे, मागून न सांगता कोणी खुर्ची वळवली की पोटात गोळा येतो. हे कुठल्याही अहवालात सापडत नाही.

'चांगलं' म्हणजे काय ते ठरवा, आणि त्या माणसाला विचारून ठरवा

गुणवत्तेबद्दल बोलताना अवेदिस दोनाबेदियन या डॉक्टरांनी १९६६ मध्ये मांडलेली विभागणी आजही सगळ्यांत सोपी आहे. एक, साधनं: माणसं, जागा, उपकरणं. दोन, प्रक्रिया: प्रत्यक्ष काय केलं, कसं केलं. तीन, परिणाम: त्या माणसाचं काय झालं. नवखा व्यवस्थापक बहुधा पहिल्यातच अडकतो. नवा पलंग आला, नवी गादी आली, फोटो निघाले. पण गादी चांगली असून कूस बदलली जात नसेल तर पाठीला जखम होणारच. तिन्हींवर नजर हवी.

आता परिणाम कोणता मोजायचा? इथे आपला अंदाज फार चुकतो. आपल्याला वाटतं आजोबांना स्वच्छ खोली हवी. त्यांना हवं असतं की सकाळी दाढी झाल्याशिवाय कोणी भेटायला आत सोडू नये. म्हणून प्रत्येकासाठी एक पान तयार करा. त्यावर निदान आणि औषधं नकोत, ती फाइलमध्ये आहेतच. या पानावर माणूस हवा. त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणत्या कानाने ऐकू येतं, कोणत्या कुशीवर झोप लागते, चष्मा कुठे ठेवतात, आयुष्यभर काय काम केलं, कशाची भीती वाटते, चिडल्या तर कशाने शांत होतात. स्मृतिभ्रंशाच्या सेवेचा विचारच बदलून टाकणारे टॉम किटवुड १९९० च्या दशकात हेच सांगत होते की आजाराआधी माणूस बघा.

आणि हे पान वेळही वाचवतं. डाव्या कानाने ऐकू येत नाही हे माहीत नसलेली नवी मुलगी डाव्या बाजूला उभी राहून चार वेळा ओरडते, आजी घाबरतात, अंघोळीला नाही म्हणतात, मग दुसरी कोणी मदतीला येते. उजवीकडून हळू सांगितलं असतं तर एकटीचं काम होतं. पान पलंगाजवळ ठेवताना खासगी गोष्टींचं भान ठेवा: येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचू नये असं काही दर्शनी भागावर नको, आणि काय लिहायचं ते त्या व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या संमतीनेच.

एकच गोष्ट निवडा आणि मोजायला लागा

यादी मोठी होईल. पडण्याच्या घटना, बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), औषधांच्या चुका, बेल वाजल्यावर कोणी पोचायला लागणारा वेळ, कमी पाणी पिणं, नातेवाइकांच्या तक्रारी. यातली एक घ्या. ज्यात माणसाला इजा होते ती आधी.

मोजताना नुसता आकडा फसवतो. या महिन्यात तीन जण पडले, मागच्या महिन्यात दोन, वाढलं का? त्या महिन्यात माणसंच कमी असतील तर? म्हणून दर १००० निवासी-दिवसांमागे मोजतात. ३० माणसं ३० दिवस राहिली तर ९०० निवासी-दिवस झाले. तीन घटना असतील तर ३ भागिले ९०० गुणिले १०००, म्हणजे ३.३. हा आकडा महिन्यामहिन्यांत, आणि लहान-मोठ्या केंद्रांतही ताडून बघता येतो, अर्थात माणसांची अवस्था साधारण सारखी असेल तरच.

दर आठवड्याचा किंवा महिन्याचा ठिपका आलेखाच्या कागदावर काढा आणि तो कागद कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावा. एखादा ठिपका वर गेला म्हणून ओरडू नका, खाली आला म्हणून पेढे वाटू नका. चढउतार असतातच. मधोमध मध्यक रेषा काढा, म्हणजे निम्मे ठिपके तिच्या वर आणि निम्मे खाली येतील अशी; सलग सहा किंवा जास्त ठिपके तिच्या एकाच बाजूला पडले तर खरोखर काहीतरी बदललंय असं धरायचं.

आधीच सांगून ठेवते: नोंदी प्रामाणिकपणे व्हायला लागल्या की पहिल्या काही आठवड्यांत घटना वाढलेल्या दिसतात. वर बसलेल्यांना याची कल्पना आधीच द्या. नाहीतर आकडा वाढला म्हणून कोणाला तरी बोलणी बसतात, आणि पुढच्या महिन्यापासून कोणी काही लिहीत नाही.

शोधाशोध संपवा

इथे सगळ्यांत लवकर गुण येतो आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. अंघोळीची ट्रॉली एक, जखमेच्या ड्रेसिंगची एक. प्रत्येक ट्रॉलीच्या झाकणाच्या आतून सामानाची यादी आणि जमलं तर मांडणीचा फोटो चिकटवा. शिफ्ट सुरू होताना भरायची, कोणी भरायची ते नावानिशी ठरलेलं. हातमोजे, डायपर, टिश्यू यांसाठी दोन डब्यांची पद्धत वापरा: पुढचा डबा संपला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकामा डबा भरायला पाठवायचा. रिकामा डबा हीच मागणी, वेगळी चिठ्ठी नको. कुलूपबंद फक्त औषधं आणि धोक्याची रसायनं. टॉवेल कुलपात ठेवून कोणाचा फायदा होत नाही.

घरोघरी जाणाऱ्या टीमसाठी ट्रॉलीच्या जागी बॅग, आणि चालण्याच्या जागी प्रवास. कोण कुठल्या भागात राहतं ते बघून फेऱ्या लावा, आणि दोन भेटींमधला प्रवासाचा वेळ वेळापत्रकात लिहा. तो शून्य धरला की प्रत्येक भेट पाच-दहा मिनिटांनी कापली जाते, आणि कापला जातो तो नेमका बोलण्याचा भाग.

लिहिण्याचंही तसंच. एकच रक्तदाब चार्टवर, रजिस्टरमध्ये आणि डॉक्टरांच्या वहीत लिहिला जात असेल तर तिन्हींत वेगळा आकडा सापडायची वेळ येतेच. कोणती नोंद कोण वाचतं हे विचारा. कोणीच वाचत नसेल आणि कायद्याने सक्तीची नसेल तर बंद करा. उरलेल्या नोंदी काम झाल्या झाल्या, तिथेच लिहायच्या. शिफ्ट संपताना आठवून भरलेला चार्ट हा अंदाज असतो, नोंद नव्हे.

जिथे घाई करायची नाही

भरवणं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला सरळ ताठ बसवून, छोटे घास, मागचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून. इथे दहा मिनिटं वाचवली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि मग दहा दिवस जातात. भरवणारी व्यक्ती बसलेली हवी. उभं राहून भरवलं की समोरच्याची मान वर जाते आणि गिळणं अवघड होतं.

स्मृतिभ्रंश असलेल्यांची अंघोळ आणि कपडे बदलणं. पुढे काय करणार ते आधी सांगा, एका वेळी एकच सूचना द्या, नाही म्हणाल्या तर वीस मिनिटांनी परत या. झटापटीने केलेली अंघोळ त्या दिवशी उरकते, पण पुढचे पंधरा दिवस प्रत्येक अंघोळ लढाई होते.

कूस बदलणं. पलंगाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची ही जुनी चाल आहे, पण प्रत्येकाची गरज वेगळी असते. गादी, पोषण आणि त्वचा बघून नर्सने वेळ ठरवावी. ब्रेडन स्केल त्यासाठीच आहे. संवेदना, ओलसरपणा, हालचाल वगैरे सहा गोष्टींना गुण देतात. एकूण ६ ते २३, गुण कमी तेवढा धोका जास्त. कूस बदलताना माकडहाड, टाचा, कमरेची हाडं बघायची. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा आणि लगेच नर्सला कळवा. तिथे चोळू नका, हे विशेष सांगते, कारण प्रेमाने तेल लावून चोळणारे हात मी खूप पाहिले आहेत.

आणि हात धुणं. व्हिएन्नात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. आज जागतिक आरोग्य संघटना पाच क्षण सांगते: माणसाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, माणसाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हँडरबने, म्हणजे हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावाने, २० ते ३० सेकंद, साबणाने पूर्ण ४० ते ६० सेकंद. बेसिन लांब असेल तर उपदेशाने हात धुतले जाणार नाहीत. प्रत्येक पलंगाजवळ हँडरबची बाटली ठेवा.

हँडओव्हर: पुढच्या शिफ्टला काम सोपवताना

"आजोबांना आज जरा बरं वाटत नाहीये." या वाक्यावर पुढच्या शिफ्टने काय करायचं? अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आलेली एक पद्धत इथे फार उपयोगी पडते. चार गोष्टी, याच क्रमाने: आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, मागणी. तेच आजोबा आता असे सांगितले जातात: "आजोबा अर्ध्या तासापासून गुंगीत आहेत, हाकेला उशिरा ओ देतात. मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेतलं, पण जेवण अर्धंच केलं. साखर उतरली असावी, ग्लुकोमीटरवर ५८ आली. तोंडाने काही देऊ का ते सांगा आणि लगेच येऊन बघा." ऐकणाऱ्याने मुख्य मुद्दे परत बोलून दाखवायचे. मिनिटभराचं काम.

'आपला अंदाज' हा भाग नव्या काळजीवाहक गाळतात. मी कोण अंदाज सांगणारी, असं त्यांना वाटतं. पण दिवसभर जवळ असल्याने बदल पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला येतो. "मला आज त्या वेगळ्या वाटतात" एवढंही बोललं गेलं पाहिजे, आणि ते ऐकणं तुमचं काम आहे.

औषधांच्या वेळी योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पाच प्रश्नांची उजळणी प्रत्येक वेळी. औषध देणाऱ्या व्यक्तीला त्या वेळात कोणीही दुसरं काम सांगायचं नाही, हा नियम तुम्ही स्वतः पाळा.

चेकलिस्ट: छोटी, आणि पटलेली

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरातल्या आठ रुग्णालयांनी १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती १०१ रुग्णालयांत लागू केली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. यावर बरीच चर्चा झाली. मला त्यातून इतकंच घ्यावंसं वाटतं की टिक करणं आणि तपासणं यांत अंतर आहे. तुमची रात्रीची चेकलिस्ट सात-आठ ओळींची असू दे, आणि ती रात्रपाळीच्या लोकांनीच लिहू दे. बेल हाताशी आहे, पलंग खाली आहे, चाकांचे ब्रेक लागले आहेत, पाणी जवळ आहे, चष्मा जवळ आहे, शौचालयाची वाट मोकळी आणि उजेडात आहे. ज्या ओळीवर तीन महिन्यांत एकदाही 'नाही' आलं नाही, ती खरंच बघितली जाते का ते स्वतः जाऊन तपासा.

चूक झाली की

आधी माणूस सांभाळा, डॉक्टरांना आणि कुटुंबाला खरं सांगा. मग 'का' विचारत मागे जा. आजी पहाटे तीनला पडल्या. का? एकट्याच शौचालयाकडे निघाल्या. बेल का नाही वाजवली? हाताला लागली नाही. का? फरशी पुसताना पलंग सरकवला की बेलची वायर भिंतीमागे जाते. कोणाच्या लक्षात का नाही आलं? शेवटच्या फेरीत बेल बघायचं कुठे लिहिलेलंच नाही. दुसऱ्या अंगाने विचारलं तर कदाचित कळेल की लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात होती. ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारायला हवं. "रात्रपाळीच्या मुलीचं लक्ष नव्हतं" इथे चौकशी संपवली असती तर मुलगी गेली असती, वायर भिंतीमागेच राहिली असती आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या आजी पडल्या असत्या.

बदल लहान करा

एक बदल, एक शिफ्ट, एक माणूस. योजना करा, करून बघा, काय झालं ते तपासा, मग पक्कं करा किंवा सोडा. वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग यांच्यामुळे रूढ झालेलं हे चक्र सेवेच्या कामाला फार चांगलं जुळतं, कारण इथे फसलेला मोठा बदल माणसांच्या अंगावर येतो. सोमवारी एका आजोबांबरोबर जमलं तर मंगळवारी तिघांबरोबर. नाही जमलं तर एकाच दिवसाचं नुकसान.

माणसं टिकवा

शक्य तितकं त्याच व्यक्तीकडे तीच काळजीवाहक द्या. सवयी ठाऊक असतात, छोटा बदल लवकर दिसतो, विश्वास बसतो. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या बुर्टझॉर्ग या घरोघरी शुश्रूषा देणाऱ्या संस्थेने जास्तीत जास्त १२ परिचारिकांच्या छोट्या टीम केल्या आणि वेळापत्रकापासून कामाच्या वाटणीपर्यंतचे निर्णय त्यांच्याकडेच सोपवले. सगळीकडे ते तसंच जमेल असं नाही, पण वेळापत्रक काम करणाऱ्यांना विचारून लावणं कुठेही जमतं. उचलण्याचं काम एकटीवर टाकू नका. स्लाइड शीट (माणसाला न उचलता सरकवायची गुळगुळीत चादर) घ्या, वापरायला शिकवा. या कामात पाठ गेली की माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर त्याला माहीत असलेल्या वीस माणसांच्या सवयी जातात.

वाचलेला वेळ कोणाला द्यायचा ते आधीच ठरवून लिहून ठेवा. रेघांच्या वहीत शोधण्याचा रकाना वीस मिनिटांनी आटला, तर ती वीस मिनिटं कोणाच्या खोलीत जाणार? ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांची नावं वर घ्या. हे न ठरवल्यास त्या जागी नवं काम येऊन बसतं किंवा एक माणूस कमी केला जातो, आणि पुढच्या वेळी वेळ वाचवायला कोणी मदत करत नाही. त्यांचं बरोबरच असतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की आपण असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था नसेल, तर चांगल्या शुश्रूषेचं फळ वाया जातं. म्हणून तीन महिने झाले की ठिपक्यांचा कागद आणि ट्रॉलीची यादी टीममधल्या एकीच्या हाती द्या आणि आठवडाभर रजेवर जा. फोन करून विचारू नका. परत आल्यावर ऑफिसात जाण्याआधी सकाळच्या अंघोळीच्या वेळी ट्रॉलीचं झाकण उघडून बघा, टॉवेल आहेत का.